तोडणी-वाहतुकीच्या बिलातून कापलेला एक टक्का कोणाचा? ठेकेदार, मुकादम, ट्रॅक्टर-जेसीबीवाल्यांसाठी आयकराची माहिती

गळीत हंगाम संपतो, टोळ्या गावाकडे परततात, पंधरवड्याची बिले भागतात. मग ट्रॅक्टर मालक आणि मुकादम वर्षाचा हिशेब करायला बसतात. उचल किती गेली, डिझेल किती लागले, टायर किती गेले, मजुरांना किती वाटले, सगळे निघते. एका रकमेकडे मात्र बहुतेकांचे लक्ष नसते. बिलाच्या खाली बारीक अक्षरात 'टीडीएस' लिहून कापलेला एक टक्का. 'तो सरकारचा गेला' म्हणून अनेक जण सोडून देतात.

पण तो गेलेला नसतो. तो ज्याच्या पॅनवर बिल निघाले त्याच्या नावाने आयकर खात्यात जमा असतो. वर्षाचा कर तेवढा बसत नसेल तर बाकीची रक्कम परत मिळते. फक्त ती मागावी लागते, आणि मागायचा रस्ता एकच, आयकर रिटर्न. उलट रिटर्न भरलेच नाही तर पैसे तर अडकतातच, वर 'एवढी रक्कम तुमच्या नावावर आली, हिशेब द्या' अशी नोटीस येऊ शकते.

हे फक्त ऊसतोडणीपुरते नाही. ग्रामपंचायतीची गटार-रस्त्याची कामे घेणारे, जेसीबी मालक, डेअरीला टेम्पो लावणारे, मंडपवाले, बोअरवेल आणि वायरिंगची कामे घेणारे, या सगळ्यांना हाच नियम आहे. खालील आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळातल्या कमाईचे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या कमाईला नवा आयकर अधिनियम २०२५ लागू आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. लोकांच्या हातातल्या बिलांवर आणि कागदांवर जुने क्रमांक आहेत, म्हणून येथे तेच दिले आहेत.

आधी ठरवा : ठेकेदार की नोकर?

कराचा सगळा हिशेब या एका प्रश्नावर उभा राहतो. काम घेतले, ते कसे करायचे हे स्वतः ठरवले, माणसे आणि साधने स्वतःची लावली, नफा-तोटा स्वतःचा, तर तो ठेकेदार. त्याचे उत्पन्न 'धंद्याचे उत्पन्न' धरले जाते. बिलातून ठेक्याचा टीडीएस कापतात आणि खर्च वजा करण्याचा हक्क त्याला असतो.

कामावर कधी यायचे, काय करायचे, कसे करायचे हे समोरचा सांगतो, साधने त्याची, महिन्याला ठरलेली रक्कम मिळते, रजा त्याला विचारून घ्यावी लागते, तर तो नोकर. त्याचे उत्पन्न 'पगार' धरले जाते. कायद्यात बसत असेल तर त्याला भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, आणि इतर हक्क मिळायला हवेत.

कागदावर 'ठेकेदार' लिहिले म्हणून माणूस ठेकेदार होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या खटल्यात हे स्पष्ट केले. तिथल्या शिंप्यांना नगावर पैसे मिळत आणि यायची-जायची वेळही पक्की नव्हती. पण शिलाई मशिने दुकानाची होती आणि काम पसंत नसेल तर मालक ते परत करायला लावत असे. न्यायालयाने त्या शिंप्यांना दुकानाचे कामगारच मानले.

गावाकडे हा प्रश्न रोजचा आहे. एखाद्या संस्थेत ड्रायव्हर किंवा कॉम्प्युटर ऑपरेटर रोज हजेरी लावतो, महिन्याला ठरलेले १२,००० रुपये घेतो, पण कागदावर तो 'कंत्राटदार' असतो आणि पीएफऐवजी एक टक्का टीडीएस कापला जातो. अशा माणसाने हजेरीचे पुरावे, ओळखपत्र, कामाचे आदेश जपून ठेवावेत. पुढे हक्काचा वाद निघाला तर तेच कागद उपयोगी पडतात.

टीडीएस कधी आणि किती कापतात?

ठेक्याच्या कामाला कलम १९४ सी लागते. एका बिलाची रक्कम ३०,००० रुपयांच्या वर असेल, किंवा एकाच पार्टीकडून वर्षभरात मिळालेली एकूण रक्कम १ लाखाच्या वर गेली, तर टीडीएस कापावा लागतो. दर असे :

- ठेकेदार एकटा माणूस किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असेल तर १ टक्का
- भागीदारी फर्म, कंपनी किंवा संस्था असेल तर २ टक्के
- पॅन दिला नसेल किंवा पॅन बंद पडला असेल तर २० टक्के

शेवटची ओळ पुन्हा वाचावी. आधारशी न जोडलेला पॅन 'निष्क्रिय' होतो आणि तो नसल्यासारखाच धरला जातो. १ लाखाच्या बिलावर १,००० रुपयांऐवजी २०,००० रुपये कापले जातात. मुदतीनंतर पॅन-आधार जोडायला १,००० रुपये फी आहे. हंगामाचा करार करण्यापूर्वीच हे पाहून घेतलेले बरे.

कापणारा कोण? सरकारी कार्यालय, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, सहकारी साखर कारखाना, दूध संघ, कंपनी, ट्रस्ट आणि फर्म यांना कापावेच लागते. एकट्या माणसाला मात्र आदल्या वर्षी त्याच्या धंद्याची उलाढाल १ कोटीच्या वर गेली असेल तरच कापायची जबाबदारी येते. म्हणून शेतकऱ्याने स्वतःच्या रानात विहीर खोदून घेतली किंवा घर बांधून घेतले तर तो सहसा टीडीएस कापत नाही.

टीडीएस हातात आलेल्या रकमेवर नसतो, पूर्ण बिलावर असतो. उचल वळती करून हातात कमी पैसे आले तरी टीडीएस सबंध बिलावरच लागतो.

माल वाहतूक करणाऱ्यांना एक सवलत आहे. वर्षभरात कधीही १० पेक्षा जास्त मालवाहू गाड्या नावावर नसतील, आणि तसे लेखी देऊन सोबत पॅन दिला असेल, तर वाहतुकीच्या भाड्यावर टीडीएस कापत नाहीत. डेअरीला किंवा बाजार समितीला टेम्पो लावणाऱ्या अनेकांनी हा कागदच दिलेला नसतो, म्हणून त्यांचे पैसे कापले जातात.

इंजिनिअर, वकील, डॉक्टर, हिशेबनीस यांच्या व्यावसायिक फीला वेगळे कलम आहे, १९४ जे. तिथे एका पार्टीकडून वर्षाला ५०,००० च्या वर फी गेली की १० टक्के कापतात.

बँकेच्या ठेवीवर टीडीएस कापू नये म्हणून लोक १५ जी फॉर्म देतात. ठेक्याच्या बिलाला तो चालत नाही. वर्षाचा कर कमीच बसणार आहे याची खात्री असेल तर फॉर्म १३ भरून आयकर खात्याकडून कमी दराने किंवा शून्य दराने कपातीचे प्रमाणपत्र घेता येते. ते बिल निघण्याआधी घ्यावे लागते.

ज्याच्या पॅनवर बिल, त्याच्यावर हिशेब

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. आयकर खात्याला टोळी दिसत नाही, कोयते दिसत नाहीत, फड दिसत नाही. त्याला फक्त पॅन दिसतो. कारखान्याने ३८ लाख रुपये एका मुकादमाच्या पॅनवर दाखवले तर खात्याच्या दृष्टीने ३८ लाख रुपये त्याच मुकादमाला मिळाले. त्यातले बहुतेक पैसे मजुरांना वाटले, हे त्याला स्वतः सांगावे लागते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका ट्रॅक्टर मालकाचा कारखान्याशी तोडणी-वाहतुकीचा करार आहे.

- वर्षात बँक खात्यावर जमा धरलेले एकूण बिल : ३८,००,०००
- त्यातून कापलेला टीडीएस (१ टक्का) : ३८,०००
- मजुरांना दिलेले : २६,००,०००
- डिझेल, ड्रायव्हर, दुरुस्ती, टायर, विमा : ८,५०,०००
- उरलेली खरी कमाई : ३,५०,०००

नव्या कर पद्धतीत ४ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. या माणसाचे दुसरे काही करपात्र उत्पन्न नसेल तर त्याचा कर शून्य. म्हणजे ३८,००० रुपये पूर्ण परत मिळायला हवेत. पण रिटर्न भरले नाही तर एक रुपयाही मिळत नाही. आणि खात्याच्या नोंदीत ३८ लाखांची जमा दिसत राहते, तिच्यासमोर खर्चाचा एकही आकडा नसतो.

काही गावांत आणखी एक प्रकार चालतो. काम एकाचे आणि करार मेव्हण्याच्या, मुलाच्या किंवा घरातल्या बाईच्या नावाने. पॅन त्यांचा, खाते त्यांचे, व्यवहार दुसऱ्याचा. नोटीस आली तर ती ज्याच्या पॅनवर बिल निघाले त्याच्या नावाने येते. मुलाला शैक्षणिक कर्ज किंवा शिष्यवृत्तीसाठी उत्पन्न दाखवायचे असते तेव्हा ही रक्कम आडवी येते. नाव वापरायला देताना घरच्यांनी हा विचार करावा.

मजुरांच्या वाटपाचा पुरावा कसा ठेवायचा?

'सगळे मजुरांनाच वाटले' असे तोंडी सांगून भागत नाही. साधी वही पुरते, पण ती नियमाने लिहिलेली हवी :

१. प्रत्येक कोयत्याच्या जोडीचे नाव, गाव, उचल दिल्याची तारीख आणि रक्कम, सही किंवा अंगठा.

२. पंधरवड्याला किती टन तोडले, किती मजुरी झाली, उचलीतून किती वळते केले.

३. शक्य तितके पैसे खात्यावर किंवा फोनवरून पाठवावेत. मोबाईलमधला संदेश आणि बँकेचा उतारा दोन्ही पुरावा म्हणून चालतात.

४. डिझेलची पावती, गॅरेजचे बिल, विम्याची पावती एका पिशवीत महिन्याप्रमाणे.

रोख व्यवहाराचीही मर्यादा आहे. एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच व्यवहारापोटी, २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही. घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. मुकादमाने करारापोटी ५ लाख रोख घेतले तर तो थेट या नियमात सापडतो. चेकने किंवा खात्यावर घेतले तर ही अडचण येत नाही.

वह्या नसतील तर? अंदाजी उत्पन्नाची सोय

छोट्या धंद्यासाठी कलम ४४ एडी आहे. उलाढाल २ कोटींपर्यंत असेल, किंवा रोखीचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असल्यास ३ कोटींपर्यंत असेल, तर सविस्तर जमाखर्च न ठेवता ठरावीक टक्के नफा दाखवता येतो. बँकेतून आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के, रोख आलेल्या रकमेवर किमान ८ टक्के.

वरच्या उदाहरणात सगळे पैसे बँकेतून आले. ३८ लाखांचे ६ टक्के म्हणजे २,२८,००० रुपये. पण कायदा 'किमान' म्हणतो. खरी कमाई साडेतीन लाख असेल तर साडेतीन लाखच दाखवावी. दोन्ही आकड्यांनी कर शून्यच येतो, मग कमी दाखवून उगाच शंका कशाला ओढवून घ्यायची?

या सोयीला काही अटी आहेत. फक्त कमिशनवर किंवा एजंट म्हणून काम करणाऱ्याला ती मिळत नाही. म्हणून करारात आपण 'ठेकेदार' आहोत की फक्त माणसे मिळवून देऊन कमिशन घेणारे, हे वाचून घ्यावे. एकदा ही पद्धत घेतली आणि पुढच्या पाच वर्षांत मध्येच सोडली, तर त्यानंतर पाच वर्षे ती परत मिळत नाही.

मालवाहू गाड्यांसाठी कलम ४४ एई वेगळे आहे. १० पर्यंत गाड्या असतील तर हलक्या गाडीमागे महिन्याला ७,५०० रुपये उत्पन्न धरतात. १२ टनांवरच्या अवजड गाडीला टनामागे महिन्याला १,००० रुपये. इंजिनिअर, डॉक्टर, वकील अशा व्यावसायिकांसाठी ४४ एडीए आहे, त्यात फीच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरली जाते.

शेतीचे उत्पन्न आणि ठेक्याचे उत्पन्न एकत्र करू नका

स्वतःच्या शेतातल्या पिकाचे उत्पन्न करमुक्त आहे. पण दुसऱ्याच्या रानात ट्रॅक्टरने नांगरट केली, मळणी यंत्र फिरवले, जेसीबीने बांध घातले, तर ते पैसे शेतीचे उत्पन्न नाहीत. तो धंदा आहे. 'ट्रॅक्टर शेतीचाच आहे' हे उत्तर आयकरात चालत नाही.

ठेक्याचे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर गेले आणि शेतीचे उत्पन्न ५,००० च्या वर असेल, तर कराचा दर ठरवताना शेतीचे उत्पन्न विचारात घेतले जाते. शेतीवर कर बसत नाही, पण ते रिटर्नमध्ये लिहावे लागते.

इथे फॉर्मची एक चूक फार होते. अंदाजी उत्पन्न दाखवणाऱ्यांसाठी आयटीआर-४, म्हणजे 'सुगम' फॉर्म आहे. पण शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर हा फॉर्म चालत नाही, आयटीआर-३ भरावा लागतो. गावातल्या बहुतेक ठेकेदारांकडे शेती असतेच. सोपा म्हणून आयटीआर-४ भरायचा आणि त्यासाठी शेती लपवायची, असे करू नये. पुढे जमीन किंवा ट्रॅक्टर घेताना पैसा कुठून आला हे सांगायला तेच शेतीचे उत्पन्न कामी येते.

रिटर्न कोणाला भरावेच लागते?

'१२ लाखांपर्यंत कर नाही, मग रिटर्न कशाला?' हा प्रश्न हल्ली सगळीकडे ऐकू येतो. करमुक्त मर्यादा ४ लाखांची आहे. ४ ते १२ लाखांच्या मध्ये असलेल्यांचा कर नव्या पद्धतीत सवलतीमुळे शून्य होतो, पण ती सवलत रिटर्न भरूनच घ्यायची असते. पुढीलपैकी एक जरी गोष्ट लागू असेल तर रिटर्न सक्तीचे आहे :

- एकूण करपात्र उत्पन्न ४ लाखांच्या वर
- वर्षात कापलेला टीडीएस २५,००० किंवा जास्त (ज्येष्ठ नागरिकांना ५०,०००)
- धंद्याची उलाढाल ६० लाखांच्या वर
- बचत खात्यांत वर्षात ५० लाख किंवा जास्त जमा
- वर्षाचे वीजबिल १ लाखाच्या वर

आपल्या उदाहरणातल्या ट्रॅक्टर मालकाची कमाई साडेतीन लाखच आहे. पण टीडीएस ३८,००० आहे. म्हणून त्याला रिटर्न सक्तीचे आहे.

मुदत चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचे रिटर्न भरता येते. उत्पन्न ५ लाखांच्या वर असेल तर ५,००० रुपये आणि ५ लाखांपर्यंत असेल तर १,००० रुपये विलंब फी लागते. मुदतीच्या तारखेत बदल होत असतात, म्हणून ती आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवरच पाहावी.

टीडीएस वजा करूनही १०,००० किंवा जास्त कर बसणार असेल तर तो आधीच भरावा लागतो. अंदाजी पद्धत घेणाऱ्यांना यासाठी १५ मार्च ही तारीख आहे. चुकली तर व्याज लागते.

मोबाईलवर आपला टीडीएस कसा पाहायचा?

आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर पॅन आणि आधारला जोडलेल्या मोबाईलने नोंदणी करता येते. आत गेल्यावर '२६ एएस' आणि 'एआयएस' ही दोन पत्रके पाहायची. २६ एएसमध्ये कोणी, कधी, किती टीडीएस जमा केला ते दिसते. एआयएसमध्ये बँक व्याज, मोठे जमा-खर्च, जमिनीचे व्यवहार असे बरेच काही असते. पॅन नंबर आणि ओटीपी दुसऱ्याच्या हातात देऊन निघून जाऊ नये. केंद्रावर भरायचे असेल तर समोर बसून भरून घ्यावे.

कापणाऱ्याने दर तिमाहीला फॉर्म १६ ए द्यायचा असतो. तो मागून घेणे हा ठेकेदाराचा हक्क आहे.

बिलात टीडीएस कापलेला दिसतो, पण २६ एएसमध्ये नाही, असेही होते. कारणे सहसा दोन असतात. पॅन चुकीचा टाकला, किंवा कापणाऱ्याने रक्कम अथवा पत्रक भरलेच नाही. अशा वेळी लेखा विभागाला लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि पत्रक दुरुस्त करायला सांगावे. पत्रक उशिरा भरणाऱ्याला दिवसाला २०० रुपये फी लागते. कापलेला कर ठेकेदाराकडून पुन्हा वसूल करता येत नाही, हे कलम २०५ सांगते. पण कापला होता हे दाखवायला बिलाची प्रत आणि बँकेचा उतारा हातात लागतोच.

रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत आधार ओटीपीने ते पक्के करावे, नाहीतर वेळेत भरलेले धरत नाहीत. परतावा येण्यासाठी बँक खाते पोर्टलवर पडताळलेले हवे आणि खात्यावरचे नाव पॅनवरच्या नावाशी जुळलेले हवे.

ग्रामपंचायतीच्या बिलातून इतके पैसे का कापतात?

गटार, रस्ता, शाळाखोली अशा कामाच्या बिलातून एकाच वेळी अनेक कपाती होतात. सगळ्याला लोक 'टॅक्स कापला' म्हणतात, पण प्रत्येकाचा रस्ता वेगळा आहे :

- आयकर टीडीएस, १ किंवा २ टक्के : आयकर रिटर्नमध्ये हिशेबाला धरला जातो.
- जीएसटी टीडीएस, २ टक्के : करार अडीच लाखांच्या वर असेल तर. तो ठेकेदाराच्या जीएसटी पोर्टलवरच्या रोख खात्यात येतो आणि जीएसटी भरताना वापरता येतो.
- बांधकाम कामगार उपकर, १ टक्का : परत मिळत नाही, कामगार कल्याण मंडळाकडे जातो.
- गौण खनिजाची रॉयल्टी : मुरूम, वाळू, खडीसाठी. मालाच्या पावत्या जोडल्या नाहीत तर कापतात.
- सुरक्षा अनामत : देखभालीची मुदत संपल्यावर अर्ज करून परत घ्यायची.

बिल पास होताना कपातीचा तक्ता मागून घ्यावा. अनामत मागायचीच राहून गेली, असे किती तरी ठेकेदारांच्या बाबतीत होते.

जीएसटी नोंदणी सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर लागते. शेतीच्या कामाशी थेट जोडलेल्या सेवांवर, म्हणजे नांगरणी, कापणी, मळणी, शेतमजूर पुरवणे यांवर जीएसटी नाही. नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावून पैसे घेणे मात्र गुन्हा ठरतो. राज्याचा व्यवसाय करही आहे. ठेकेदारांना तो वर्षाला २,५०० रुपये आहे आणि तो आयकरापासून वेगळा आहे.

लोक विचारतात

*रिटर्न भरले तर पीएम किसानचे पैसे बंद होतील का?*
नियमात 'मागील कर निर्धारण वर्षात आयकर भरलेली व्यक्ती' अपात्र आहे. रिटर्न भरणे आणि कर भरणे यात फरक आहे. कर शून्य असेल आणि टीडीएस परत मिळाला असेल तर कर भरलेला नसतो. खात्याकडून येणारी १४३(१) ची सूचना जपून ठेवावी. कर शून्य होता हे तिच्यावरून दाखवता येते.

*मागच्या वर्षांचा टीडीएस राहिला आहे. आता मिळेल का?*
३१ डिसेंबरची मुदतही गेली असेल तर साधे रिटर्न भरता येत नाही, आणि 'अपडेटेड' रिटर्नमध्ये परतावा मागता येत नाही. पण खरी अडचण होती असे दाखवून विलंब माफीचा अर्ज करता येतो. त्या कर निर्धारण वर्षाच्या अखेरीपासून ५ वर्षांच्या आत तो करावा लागतो. आजारपण, घरातला मृत्यू अशा कारणांचे कागद जोडावेत.

*मुकादमाने मजुरांचा टीडीएस कापायचा का?*
आदल्या वर्षी स्वतःची उलाढाल १ कोटीच्या वर नसेल तर ठेक्याचा टीडीएस कापायची जबाबदारी मुकादमावर येत नाही.

*नोटीस आली तर?*
घाबरून गप्प बसू नये आणि फोनवर पैसे मागणाऱ्याला देऊ नयेत. खरी नोटीस ई-फायलिंग पोर्टलवर दिसते आणि तिच्यावर दस्तऐवज क्रमांक असतो. उत्तर द्यायची तारीख बघावी आणि वही, बँक उतारा घेऊन कर सल्लागाराकडे जावे.

हंगामाआधी करायच्या पाच गोष्टी

१. पॅन आधारशी जोडलेला आहे का ते पाहणे.

२. करार स्वतःच्याच नावाने करणे आणि त्याची प्रत घेणे.

३. धंद्यासाठी एक वेगळे बँक खाते ठेवणे.

४. उचलीची आणि मजुरीची वही पहिल्या दिवसापासून लिहिणे.

५. दर तीन महिन्यांनी २६ एएस उघडून कापलेली रक्कम जमा झाली का ते बघणे.

उदाहरणातले ३८,००० रुपये म्हणजे ट्रॅक्टरच्या कर्जाचा हप्ता, मुलीच्या कॉलेजची फी किंवा पुढच्या हंगामात एखाद्या कोयत्याला द्यायची उचल होऊ शकते. ती रक्कम एकदा तरी आपल्या नावावर पोर्टलवर उघडून पाहावी.